कोचला पैसे कशाचे द्यायचे?

‘लाइफ कोच’ हा शब्द आपल्या मंडळींच्या कानावर आता बऱ्यापैकी पडू लागला आहे. कुणाच्या मुलीने बँकेतली नोकरी सोडून कोचिंगचा कोर्स केलेला असतो, कुणाला मॅनेजर झाल्याबरोबर कंपनीने कोच नेमून दिलेला असतो, तर कुणी स्वतःच्या खिशातून पैसे देऊन दर पंधरा दिवसांनी फोनवर कोचशी बोलत असतो. मग घरात हमखास विषय निघतो, ‘‘आयुष्य कसे जगावे हे ऐकायला डॉलर मोजायचे? ते तर आपल्याकडे आत्या, मामा आणि शेजारचे काका फुकट सांगत होते!’’ थट्टा सोडून दिली तरी प्रश्न रास्त आहे. पैसे नेमके कशाचे, त्यातून काय मिळू शकते आणि काय मिळणार नाही, हे या लेखात सांगण्याचा विचार आहे.

आधी माझी ओळख. मी व्यवसायाने फार्मसिस्ट. न्यू जर्सीत राहते. गेली सहा वर्षे आठवड्यातली एक संध्याकाळ मी मधुमेह टाळण्यासाठी चालणाऱ्या एका कार्यक्रमात ‘लाइफस्टाइल कोच’ म्हणून काम करते. लाइफ कोच आणि लाइफस्टाइल कोच हे एकच नव्हेत. पहिला नोकरी, वेळ, नाती, निवृत्ती अशा कोणत्याही विषयावर काम करतो. आमचा विषय वजन, चालणे आणि ताट एवढाच. पण काम करण्याची रीत बरीचशी सारखी आहे, आणि आमच्या बाजूला एक फायदा आहे: त्या रीतीचा उपयोग होतो की नाही हे इथे मोजून पाहिलेले आहे.

‘कोच’ हा शब्द मुळात घोडागाडीचा. हंगेरीतल्या कोच नावाच्या गावात चांगल्या गाड्या बनत, त्यावरून तो आला. पुढे एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेतून पार नेणाऱ्या शिकवणी मास्तरांना हे नाव दिले आणि तिथून ते खेळाच्या मैदानावर गेले. मैदानावरून ते आयुष्यात कसे आले याची गोष्ट मजेदार आहे. १९७४ साली टिमथी गॅलवे या टेनिस शिकवणाऱ्या अमेरिकन गृहस्थांनी ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ हे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की, खेळाडूला ‘मनगट असे धर, पाय तसा टाक’ असे सांगत राहिले की तो गोंधळतो. त्यापेक्षा चेंडूकडे नीट पाहायला लावले की तो आपोआप सुधारतो. जॉन व्हिटमोर या एकेकाळच्या ब्रिटिश मोटार शर्यतपटूने हाच विचार कंपन्यांच्या कारभारात नेला. १९९२ सालच्या त्यांच्या पुस्तकातून चार प्रश्नांची पद्धत सगळीकडे पसरली: तुम्हाला काय हवे आहे, आज तुम्ही कुठे आहात, कोणकोणते मार्ग आहेत आणि त्यांतले तुम्ही नक्की काय करणार. अमेरिकेत त्याच सुमारास टॉमस लेनर्ड या आर्थिक नियोजकाने कोचिंगचे शिक्षण देणारी संस्था काढली आणि १९९५ मध्ये आज ‘इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन’ म्हणून ओळखली जाणारी संघटना सुरू केली. पैशांचा सल्ला घ्यायला येणाऱ्या माणसाला पुष्कळदा पैशांपेक्षा आयुष्याबद्दल बोलायचे असते, हे एका आर्थिक नियोजकाच्या लक्षात यावे यात मला तरी नवल वाटत नाही.

आपल्याकडचे सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण अर्थात सारथ्याचे. पण तिथे सातशे श्लोकांपैकी बहुतेक सारथीच बोलला. आजच्या कोचने तसे केले तर त्याला कोचिंग म्हणत नाहीत! कोच विचारतो, ऐकतो आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारतो. ‘पुन्हा विचारतो’ हा भाग दिसायला क्षुल्लक, पण माझ्या मते निम्मे पैसे त्याचेच असतात.

याचे कारण आपल्या इथल्या राहणीत आहे. पुण्यात किंवा नागपुरात तुम्ही पेटीचा क्लास लावला, तर जिन्यात भेटलेले काका विचारणार, ‘‘काय, भूप झाला का?’’ क्लास सोडलात तर त्याचीही चौकशी होणार. त्या चौकशीचा आपल्याला त्रास व्हायचा, पण तिच्यामुळे कितीतरी गोष्टी तडीला जायच्या. इथे गराजचे दार वर जाते, गाडी आत येते, दार खाली येते. तुम्ही जिमचे सदस्यत्व घेतले काय आणि जानेवारीच्या शेवटी जायचे बंद केले काय, विचारणारे कुणी नाही. नवरा-बायकोने एकमेकांना विचारावे म्हटले, तर दुसऱ्या वाक्याला भांडण होते. अशा वेळी ज्याला तुमच्या उत्तराचा राग येणार नाही आणि जो ते मंडळाच्या पिकनिकमध्ये कुणाला सांगणार नाही, असा विचारणारा माणूस मोलाचा ठरतो.

आता मोजून पाहिलेल्या गोष्टीकडे वळते. अमेरिकेत २७ केंद्रांवर ‘डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’ नावाचा मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. ज्यांची साखर वाढलेली आहे पण अजून मधुमेह झालेला नाही अशा ३२३४ लोकांचे गट पाडले होते. एका गटाला मेटफॉर्मिन ही गोळी दिली, एकाला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली, आणि तिसऱ्या गटातल्या प्रत्येकाला एक लाइफस्टाइल कोच दिला. या तिसऱ्या गटापुढे दोनच ध्येये होती: वजन सात टक्क्यांनी उतरवायचे आणि आठवड्यातून १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करायचा. सरासरी पावणेतीन वर्षांनी पाहिले तेव्हा, नुसत्या गोळीच्या गटाच्या तुलनेत मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये मधुमेह होण्याचे प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी होते आणि कोच असलेल्या गटात ५८ टक्क्यांनी. साठीच्या पुढच्यांमध्ये तर ७१ टक्क्यांनी. मी रोज गोळ्या मोजून देणारी बाई. मला हे आकडे पहिल्यांदा वाचताना जरा अवघडच गेले.

आपल्या लोकांवर याचा उपयोग होतो का, ही शंका साहजिक आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी भारतातल्या ५३१ जणांवर असाच अभ्यास केला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात राहणी बदलणाऱ्यांमध्ये मधुमेहाचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले. अमेरिकेइतके नाही, पण थोडेही नाही. आणखी एक गोष्ट त्यातून दिसली: काहीच न करणाऱ्या गटातल्या निम्म्याहून अधिक लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ‘‘बॉर्डरवर आहे, अजून झालेला नाही’’ असे आपण ज्या निश्चिंतपणे सांगतो, त्या निश्चिंतपणाला हा आकडा पुरेसा आहे.

कोच प्रत्यक्षात करतो काय, हे एका उदाहरणावरून सांगते. माणूस ओळखू येऊ नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. आमच्या गटात एक गृहस्थ आले, वय ५८, ए-वन-सी ६.२, वजन १७० पौंड. ध्येय काय, असे विचारल्यावर म्हणाले, ‘‘डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं आहे.’’ हे डॉक्टरांचे ध्येय झाले. डॉक्टरांचे ध्येय घेऊन माणूस साधारण तीन आठवडे चालतो, मग मंडळाचा गणपती येतो. मी त्यांना तेव्हा काही म्हटले नाही. तिसऱ्या बैठकीत, वजन उतरले तर तुम्हाला काय करता येईल, असे विचारले. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, त्यांचे थोरले भाऊ सांगलीला आहेत, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात, आणि दोघा भावांनी कॉलेजात असताना सिंहगड पहाटे चढायची सवय लावून घेतली होती. ‘‘आता तो चढणार नाही. मला एकदा चढायचा आहे.’’ हे त्यांनी इतक्या हळू सांगितले की शेजारच्या बाईंना ऐकू गेले नसावे.

इथून पुढचे काम सोपे नव्हते, पण त्याला दिशा आली. सात टक्के म्हणजे बारा पौंड. आठवड्याला १५० मिनिटे म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. कधी चालणार? ‘‘संध्याकाळी.’’ संध्याकाळी म्हणजे किती वाजता? इथे त्यांना स्वतःलाच एक गोष्ट उमगली. आपण घरात आलो की दारात बूट काढतो, आणि बूट निघाले की दिवस संपतो. मग चहा, चिवडा, बातम्या. म्हणून त्यांनी स्वतःच ठरवले की गाडीतून उतरल्यावर घरात पाऊल टाकायचे नाही, बूट पायात असतानाच कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचे. जानेवारीत बर्फ पडला की मॉलमध्ये. ही युक्ती त्यांची; मी ती सांगितली असती तर त्यांनी मान डोलावली असती आणि सोडून दिली असती.

या ‘कधी, कुठे, कशानंतर’ला मानसशास्त्रात आधार आहे. पीटर गोलवित्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकारी संशोधिकेने १९९७ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक लहानसा वृत्तांत ४८ तासांत लिहून पाठवायला सांगितले होते. ज्यांनी तो कुठे बसून आणि किती वाजता लिहिणार हे आधी ठरवले होते, त्यांच्यापैकी दहातल्या सुमारे सात जणांनी वेळेत पाठवला. ज्यांनी ठरवले नव्हते त्यांच्यापैकी तिघांनी. इच्छा दोन्ही गटांची होती. फरक जागेचा आणि वेळेचा होता.

याच्या उलट एक खूळ हल्ली फार पसरले आहे. भिंतीवर स्वप्नातल्या घराचे, गाडीचे, सडपातळ शरीराचे चित्र लावायचे आणि रोज डोळे मिटून ते मिळाल्याचा आनंद घ्यायचा. गाब्रिएले ओटिंगन या संशोधिकेने नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांचा अभ्यास केला. ज्यांनी उत्तम नोकरीची गोड स्वप्ने जास्त रंगवली, त्यांनी अर्ज कमी केले, आणि दोन वर्षांनी त्यांना नोकऱ्यांचे देकार आणि पगारही कमी मिळालेले दिसले. स्वप्न पाहू नये असे त्या म्हणत नाहीत. स्वप्नाच्या शेजारी आड येणारी गोष्टही मांडा, म्हणतात. एखादा कोच पहिल्याच भेटीत नुसते चित्र लावायला सांगत असेल, तर मी तरी दुसऱ्या भेटीला जाणार नाही.

आमच्या गृहस्थांच्या आड आलेली गोष्ट म्हणजे रात्रीचा भात, आणि खरे तर भात वाढणारा हात. आपल्या घरांत ही मोठी अडचण आहे. गटात येतो नवरा, स्वयंपाक करते बायको, आणि सहा महिन्यांसाठी आलेली आई म्हणते, ‘‘एवढंसं जेवलास? बरं नाही का?’’ अमेरिकन अभ्यासक्रमात या आईचा धडा नाही. चौथ्या महिन्यात मी त्यांच्या पत्नीला बैठकीला बोलावले. त्या रागावूनच आल्या. म्हणाल्या, तीस वर्षे यांच्या आवडीचे करून घातले आणि आता दोष माझा! त्यांना दोष द्यायला नव्हे, विचारायला बोलावले आहे हे पटायला एक बैठक गेली. मग भात अर्धी वाटी, उसळ दुप्पट, आणि एकादशीची साबुदाण्याची खिचडी दोघांत एक, हे त्यांनीच ठरवले. वर्षाअखेर गृहस्थांचे वजन नऊ पौंड उतरले, बारा नाही. ए-वन-सी ५.८ वर आले. डिसेंबरात ते सिंहगड चढले. पुणे दरवाज्यापर्यंत पोचायला दोन तासांच्या वर लागले आणि वाटेत ताकवाल्या बायकांनी त्यांना तीनदा बसवले, असे त्यांनी भारतातून फोनवर सांगितले.

त्याच गटातले चार जण मध्येच सोडून गेले, हेही सांगायला हवे. कोच असूनही माणसे सोडतात. अमेरिकेच्या त्या मोठ्या अभ्यासातही पहिल्या चोवीस आठवड्यांत सात टक्क्यांचे ध्येय निम्म्याच लोकांनी गाठले होते.

आरोग्य सोडून इतर बाबतींतही रीत हीच. माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी नागपूरला एम.एस्सी. केलेले. अकरा वर्षे घर आणि मुले. त्यांचे वाक्य होते, ‘‘मला काहीतरी करायचंय.’’ काहीतरी या शब्दाला तारीख लावता येत नाही. कोचबरोबरच्या चार भेटींत त्याचे ‘शाळेत विज्ञान शिकवायचे’ असे झाले, आणि मग कामे दिसू लागली: पदवीचे मूल्यमापन करून घेणे, प्रॅक्सिसची विषय परीक्षा, कामाच्या परवान्याची स्थिती वकिलाकडून तपासणे, दुपारी तीन ते पाच मुलांकडे कोण बघणार. यांतले शेवटचे काम सर्वांत अवघड निघाले. कोचने त्यांना परीक्षेचे रसायनशास्त्र शिकवले नाही की व्हिसाचा सल्ला दिला नाही; तो त्याचा अधिकारच नाही.

कोचचा अधिकार कुठे संपतो हे नीट ओळखा. अमेरिकेत लाइफ कोचला कोणत्याही राज्याचे लायसन्स लागत नाही. आज सकाळी कार्ड छापून दुपारी कोच होता येते. झोप उडालेली आहे, कशातच मन लागत नाही, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते, अशी अवस्था असेल तर ते काम लायसन्सधारक मानसशास्त्रज्ञाचे किंवा मानसोपचारतज्ज्ञाचे. तातडीच्या वेळी ९८८ हा फोन क्रमांक २०२२ पासून देशभर आहे. आपल्यात ‘मानसोपचार’ म्हटले की लोक काय म्हणतील याची धास्ती असते, म्हणून काही घरांत त्याऐवजी कोचकडे पाठवतात. हे धोक्याचे आहे. प्रामाणिक कोच अशा वेळी स्वतःच थांबतो आणि पुढे पाठवतो. त्याचप्रमाणे, कोचला सांगितलेल्या गोष्टींना वकिलाला किंवा थेरपिस्टला सांगितलेल्या गोष्टींसारखे कायद्याचे संरक्षण नसते. आणि ‘फायनान्शियल कोच’ अंदाजपत्रक, कर्जफेड, बचतीची सवय यांत मदत करू शकतो. पण अमुक फंड घ्या, तमुक पॉलिसी घ्या असे सांगू लागला तर तो सल्लागार म्हणून नोंदलेला आहे का, हे एस.ई.सी.च्या यादीत किंवा ‘ब्रोकरचेक’मध्ये आधी पाहा.

लायसन्स नसले तरी प्रमाणपत्रे आहेत. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या तीन पातळ्या आहेत. पहिलीसाठी किमान ६० तासांचे शिक्षण आणि १०० तासांचा अनुभव लागतो, दुसरीसाठी १२५ आणि ५००, तिसरीसाठी २०० आणि २५००. आरोग्याच्या कोचसाठी वेगळे राष्ट्रीय बोर्ड असून त्याची परीक्षा २०१७ पासून घेतली जाते. प्रमाणपत्राने माणूस चांगला कोच ठरत नाही, पण त्याने निदान तेवढे कष्ट घेतले आहेत हे कळते.

खर्चाचे म्हणाल तर माझ्या ओळखीतले लाइफ कोच तासाला शंभरपासून तीनशे डॉलरपर्यंत घेतात. साधारणपणे आरोग्य विमा हे पैसे देत नाही. कंपनीत एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्रॅम असेल तर तिथे आधी विचारा. काही ठिकाणी थोड्या भेटी फुकट मिळतात आणि कुणाला त्याचा पत्ता नसतो. पहिली भेट विनामूल्य मागा. त्या भेटीत कोच किती बोलतो हे घड्याळ लावून पाहा. निम्म्याहून अधिक वेळ तोच बोलत असेल तर नमस्कार करून बाहेर पडा. वर्षभराचे पैसे एकरकमी देऊ नका. तीन महिन्यांत काय साधायचे ते कागदावर लिहून घ्या आणि तेव्हा पुन्हा ठरवा. मराठी कोच की अमेरिकन, असे मला विचारतात. आपल्या माणसाला सासूबाईंचा विषय समजावून सांगावा लागत नाही; परक्या माणसाकडून बातमी फुटायची भीती नसते. ज्याला जे जड वाटते त्याने त्याचा विचार करावा.

एका प्रकारापासून मात्र दूर राहा. हॉटेलातला मोफत सेमिनार, मागे जोरात संगीत, आणि ‘फक्त आज सही केली तर’ निम्म्या किमतीत मिळणारा कोच. २०१८ साली फेडरल ट्रेड कमिशनने ‘मोबे’ नावाच्या कंपनीला कोर्टात खेचले. घरबसल्या पैसे मिळवायची २१ पायऱ्यांची पद्धत आणि कोच देतो म्हणून लोकांना हजारो डॉलरची सदस्यत्वे विकल्याचा कमिशनचा आरोप होता. अशा तात्पुरत्या जागी १३० डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेचा करार केला असेल, तर केंद्र सरकारच्या नियमाने साधारणपणे तीन कामाच्या दिवसांत तो रद्द करता येतो. विक्री संपूर्णपणे फोनवर किंवा इंटरनेटवर झाली असेल तर हा नियम लागू होत नाही, आणि हल्ली बरीचशी विक्री तशीच होते.

मधुमेहाच्या कार्यक्रमाला मात्र पुष्कळदा काहीच खर्च येत नाही. तो वर्षभराचा असतो: पहिल्या सहा महिन्यांत किमान १६ बैठका, नंतर महिन्याला एक. ए-वन-सी ५.७ ते ६.४ असेल आणि बी.एम.आय. २५ किंवा अधिक असेल तर प्रवेश मिळतो. आपल्यासारख्या आशियाई लोकांसाठी ही मर्यादा २३ आहे, आणि नोंदणी करणाऱ्याला ती कधी कधी माहीत नसते, तेव्हा आपणच सांगावे. मेडिकेअर पार्ट बी असलेल्या पात्र ज्येष्ठांना एप्रिल २०१८ पासून तो विनामूल्य आहे. भारतातून ग्रीन कार्डावर आलेल्या आईवडिलांना पहिली पाच वर्षे सहसा मेडिकेअर विकतही घेता येत नाही. त्यांच्यासाठी जवळचे वाय.एम.सी.ए., हॉस्पिटल किंवा काउंटीच्या आरोग्य खात्यात चौकशी करा. काही ठिकाणी अशांना फी न घेता बसू देतात. अभ्यासक्रमाचे धडे रोगनियंत्रण केंद्राने इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये सर्वांना मोफत ठेवले आहेत. त्यांत भाकरी, पिठले आणि श्रावणातले उपास नाहीत. ते पान आम्ही आमच्या गटात हाताने लिहून काढले आहे; कुणाला हवे असेल तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात प्रती घेऊन येईन.